माळावरचा तरवड काढून वडिलांच्या नावानं झाडं लावावीत का?

माळवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव करमाळा तालुक्यात, नोकरी पुण्यात. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गेल्या मार्गशीर्षात गेले. वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या नावानं शंभर झाडं लावायची असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलंय. जागा घरचीच आहे, पण तिच्याबद्दलच विचारायचंय.

सातबाऱ्यावर तीन एकर दहा गुंठे आहे. विहिरीजवळच्या तुकड्यात चुलतभाऊ ज्वारी-तूर करतो. उरलेलं दीड एकर पोटखराबा. चार बोटं माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. दादांनी तिथं कधी नांगर घातला नाही. पावसाळ्यात गवत, दिवाळीनंतर कुसळं, आणि सगळीकडं तरवड. कुठं कमरेएवढा, कुठं गुडघ्याएवढाच. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळं तो तेवढा राहतो.

एक जेसीबीवाला येऊन बघून गेला. म्हणतो, दोन दिवसांत तरवड मुळासकट काढतो, उताराला आडवे चर मारतो, दोन फुटांचे खड्डे घेऊन देतो. एका संस्थेकडून रोपं फुकट मिळतायत. मृगाच्या आत खड्डे झाले तर पहिल्या पावसाला लावता येतील, म्हणून घाई आहे.

अडलंय ते आईपाशी. ती झाडांना नको म्हणत नाही. एवढंच विचारते, "मग घटाला फुलं कुठून आणायची?" आमच्यात घटावरची माळ तरवडाच्या फुलांची असते. दादा नऊही दिवस उजाडायच्या आत माळावर जाऊन उपरण्यात फुलं घेऊन यायचे. गेल्या नवरात्रात त्यांना चालवत नव्हतं. त्यांनी मला उठवून पाठवलं. मी अंधारात पिवळी फुलं दिसली ती तोडून आणली, आणि तो निघाला टाकळा. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पान बघावं. त्याला कान आहे का बघावं." मला तेव्हा काही कळलं नाही आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

तर, चारपाच झुडपं बांधाला ठेवून बाकीचा तरवड काढला तर चालेल का? उपटून दुसरीकडं लावला तर जगतो का? आणि अशा मुरमाड जागेत कोणती झाडं तग धरतील?

---

भीमाकाठ

आधी वडिलांना श्रद्धांजली. काम चांगलं हाती घेतलंय, मागं हटू नका.

आमचं इंदापूरकडं आहे. मी मुरमात साठ झाडं लावली, चाळीस जगली. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, आम्ही टँकर घेतला, नंतर ठिबक केलं. खड्ड्यात गाळाची माती आणि शेणखत भरा. करंज आणि कडुलिंब तग धरतात. तरवड नुसता वरून तोडला तर बुडातून पुन्हा फुटतो, म्हणून काढायचाच तर मुळासकट. उपटून लावलेला मात्र आमच्याकडं जगला नाही. त्याचं मूळ सरळ खाली जातं, ते तुटलं की संपलं.

---

शाळेतल्या बाई

माळवाट, तुमच्या दादांनी सांगितलेला कान मी आधी दाखवते, बाकीचं नंतर.

तरवडाची फांदी हातात घ्या. पान जिथं फांदीला चिकटतं तिथं देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गोलसर, हिरवी, मूत्रपिंडाच्या आकाराची दोन छोटी पानं दिसतील. ही उपपर्णं. बऱ्याच झाडांची उपपर्णं लवकर गळून जातात, तरवडाची टिकतात आणि चांगली ठसठशीत दिसतात. लिनियसनं 1753 साली या झाडाला नाव दिलं ते या कानांवरूनच, 'ऑरिक्युलाटा', म्हणजे कानवाली. आज शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. टाकळ्याला असे कान नसतात. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या, तरवडाच्या आठ ते बारा. अंधारात बोटांनी चाचपूनसुद्धा फरक कळतो. दादांना बहुधा तसाच कळत असणार, उजाडायच्या आत जायचे ना.

आता तुमचा प्रश्न. मी माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तुम्ही जे करायला निघालात ते मी केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2009 साली आमच्या शाळेमागच्या दोन एकर माळावर आम्ही वृक्षारोपण केलं. सातवीच्या मुलांनी आठ दिवस खपून तरवड उपटला. मुलांच्या हाताला फोड आले होते. तीनशे रोपं लावली, गिरिपुष्पाची, ज्याला कुणी उंदीरमारी म्हणतं. ती जगली. लोक रोपं मेल्याचं दुःख सांगतात, माझं दुःख ती जगल्याचं आहे. पाच वर्षांत त्यांची सावली एकमेकांना भिडली आणि खालचं गवत गेलं. पवन्या गेला, मारवेल गेलं. आषाढात शाळेच्या खिडकीतून चंडोल उंच जाऊन गाताना ऐकू यायचा, तो यायचा थांबला, कारण त्याला घरटं जमिनीवर उघड्या गवतात लागतं. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढ्यांचा एक वाडा तिथं दोन रात्री बसायचा. त्यातल्या म्हातारबांनी मला विचारलं, "बाई, चरायचं कुठं आता?" मी त्यांना झाडाच्या सावलीत बसा म्हणाले. ते उत्तर मला अजून टोचतं.

आम्ही मुलांना शिकवत होतो की माळ म्हणजे उजाड जमीन, इंग्रजांनी जंगल तोडलं म्हणून ती अशी झाली. पुस्तकात तसं नव्हतं, पण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तसंच होतं. सरकारी नकाशेही झुडपी माळरान पडीक जमिनीत धरतात. आपल्या सातबाऱ्यावरचा शब्द बघा ना, पोटखराबा. शेतकऱ्याच्या लेखी पिकत नाही ते खराब. पण सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाची सावली आहे, पाऊस कमी, माती उथळ, खाली कातळ. तिथं दाट जंगल उभं राहत नाही. गवत, मध्ये झुडपं, लांब लांब एखादा हिवर, एखादी बोर, असंच ते राहतं. 2025 साली दोन मराठी संशोधकांचा निबंध आला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, ओव्या, दैवतांच्या कथा यांत आलेली रानझाडं मोजली, तर त्यातली निम्म्याहून जास्त माळरानाचीच निघाली. इंग्रज यायच्या कितीतरी आधी हा मुलूख असाच होता. ते वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते. आठ दिवस मुलांकडून काय उपटून घेतलं ते तेव्हा नीट कळलं.

निवृत्त झाल्यावर मी एक केलं. घरामागं अर्धा एकर माळ शिल्लक आहे, त्यातल्या एका तरवडाशी वर्षभर जाऊन बसले. रोज नाही, आठवड्यातून दोनदा, सकाळी. छातीएवढं झुडूप आहे. तिथं काय पाहिलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

तरवडाच्या फुलात मध नसतो. पाच पिवळ्या पाकळ्या, मध्ये दहा केसर, त्यातले वरचे तीन वांझ. बाकीच्यांचे परागकोष नेहमीसारखे उकलत नाहीत, टोकाला फक्त बारीक भोक असतं. काळा मोठा भुंगा येतो, केसरांना मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, आणि मिठाच्या कुपीतून मीठ पडावं तसे त्या भोकांतून पराग झडतात. उडतानाचा भुंग्याचा आवाज आणि फुलावरचा आवाज वेगळा असतो. फुलावरचा बारीक, वरच्या पट्टीतला. डोळे मिटून बसलं तरी फुलावर बसला की नाही ते ओळखता येतं. आखूड केसरांतले पराग तो खायला नेतो, लांब केसरांतले त्याच्या अंगाला लागून पुढच्या फुलावर जातात. अन्नाचे केसर वेगळे आणि निरोपाचे वेगळे. मी एकतीस वर्षं फुलाचे भाग फळ्यावर काढले, पण हे कधी बघितलं नव्हतं.

पानाच्या दांड्यावर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक ग्रंथी असते, तिच्यातून गोड रस येतो, त्यासाठी मुंग्या वर-खाली करत असतात. फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरं पानावर अंडी घालतात, त्यांच्या हिरव्या अळ्या तीच पानं खातात. शेळ्यांना नको असलेलं पान अळ्यांना हवं असतं. आणि शेळ्यांना नको असतं म्हणूनच झुडपाच्या बुडाशी, जिथं तोंड पोचत नाही, तिथं गवत बी धरेपर्यंत टिकतं. माझ्या झुडपाखाली मारवेलाचं ठोंब होतं, भोवती सगळं चरलेलं असताना त्याला तुरे आले.

उन्हाळ्यात शेजारच्या दगडावर सरडा गळ्याखालचा पंखा उघडून बसायचा, निळा, काळा, केशरी. या पंखेवाल्या सरड्यांच्या एका गटाला 2016 मध्ये नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) म्हणून नाव मिळालं, आणि ते आपल्या मराठीतलंच आहे, 'सरडा'. जगभरातल्या शास्त्रज्ञांना आता हा शब्द वापरावा लागतो. मला फार अभिमान वाटतो त्याचा.

तुमच्या जिल्ह्यात नान्नजला 1979 साली माळढोकांसाठी अभयारण्य झालं. तो पक्षी आता जवळजवळ दिसेनासाच झालाय. त्याला झाडं नको होती, मोकळा माळ हवा होता. लांडगा, खोकड, धाविक, सगळ्यांचं तेच. दीड एकरानं माळढोक परत येणार नाही, हे मलाही कळतं. पण दीड एकरात चंडोलाची दोन घरटी राहतात. तेवढं मी पाहिलेलं आहे.

म्हणून सांगते, पोटखराब्याला हात लावू नका. चारपाच झुडपं बांधाला ठेवणं हा मधला मार्ग नव्हे. चर मारले की मुरूम वर येतो, माती खाली जाते, आणि गवताचं बी ज्या चार बोटांत असतं तीच उलथते. झाडं जरूर लावा. विहिरीजवळ, बांधावर, घरापुढं. शंभर नको, नऊ लावा आणि नऊ जगवा. लिंब, हिवर, बोर, आपटा, पळस. माळ तसाच राहू द्या. दादांनी त्यात नांगर घातला नाही, यातच मला त्यांचं म्हणणं दिसतं.

---

साल आणि चुना

बाईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. झाडाला बिनकामाचं म्हणणाऱ्या जेसीबीवाल्यासाठी लिहितो.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कातडी कमावायचं काम. माझ्या आजोबांपर्यंत चाललं. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, केस खरवडून काढायचे, मग सालीच्या पाण्यात. साल बाभळीची आणि तरवडाची, जोडीला हिरडा. आजोबा म्हणायचे, बाभळीनं कातडं गडद होतं, तरवडानं उजळ आणि मऊ. तरवडाची फांदी कापून साल ओली असतानाच काढायची, वाळली की सुटत नाही. बूड ठेवायचं, पुढच्या पावसाळ्याला पुन्हा फुटवे येतात. मुळासकट कुणी काढत नसे.

इंजिनं येण्याआधी विहिरीवर मोट चालायची, त्या मोटेचं चामडं असंच कमावलेलं असे. म्हणजे तुमच्या विहिरीचं पाणी रानात गेलं त्यात तरवडाचा वाटा होता. मद्रासकडं तर याच सालीवर कमावलेलं चामडं जहाजं भरून विलायतेला जायचं. पुढं दक्षिण आफ्रिकेतल्या वॅटल झाडाची साल आली आणि याची मागणी उतरली. आमच्याकडं काम बंद झालं आणि लोक झाडाचं नावही विसरायला लागले. आमच्या कामाला कुणी मान दिला नाही, निदान झाडाला तरी द्यावा असं वाटतं.

---

गोदावरीपल्याड

मी निजामाबादची, माहेर नांदेड. आमच्याकडं यालाच तंगेडु म्हणतात आणि तेलंगणाचं ते राज्यफूल आहे. माळवाट, तुमच्या आईंना सांगा, घटाची फुलं म्हणून फक्त तुमच्याच घरात लागत नाहीत. इथं भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा सुरू होते. नऊ दिवस बायका ताटात फुलांचे थर गोल गोल रचतात, तंगेडु आणि गुनुगु ही त्यातली मुख्य फुलं. गुनुगु म्हणजे आपलं कुर्डू. ज्वारीच्या रानात तण म्हणून उपटतो तेच. संध्याकाळी भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटच्या दिवशी, सद्दुल बतुकम्माला, तळ्यात सोडायची.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी सासूबाई ताट रचत होत्या आणि मी रडायला लागले. त्यांना कळेना काय झालं. माहेरच्या घटावरचं फूल समोर दिसलं, एवढंच होतं. मग त्यांनी मला पहिला थर लावायला दिला.

गेली काही वर्षं आम्ही ही फुलं बाजारातून विकत आणतो. शहराभोवतीचे माळ प्लॉटिंगमध्ये गेले. माणसं पहाटे लांबून गाठोडी बांधून आणतात, दुपारपर्यंत फूल मलूल होतं. ज्यांच्या स्वतःच्या रानात तरवड उभा आहे त्यांनी तो काढू नये, एवढीच विनंती.

---

माळवाट

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. कानाचं आलं तिथं ती "हां, हेच" म्हणाली आणि उठून आत गेली.

शनिवारी गावी गेलो. चुलतभावाला घेऊन पोटखराब्यात फिरलो आणि तरवड मोजला. एकशे सत्तेचाळीस झुडपं भरली, अगदी वीतभर रोपं सोडून. शंभर झाडं लावायला निघालो होतो. कान बघितला. प्रत्येक झुडपाचा बघत होतो, शेवटी भाऊ म्हणाला चल आता, ऊन झालं.

वरच्या अंगाला एक वेगळंच दिसलं. काही झुडपांच्या बुडाशी जुने, वाळलेले, कापलेले खुंट आहेत, विळ्यानं तिरके कापलेले, आणि शेजारून नवे फुटवे. चुलते म्हणाले, दादाच कापायचा, दरसाल थोडी थोडी, दातणाला आणि चुलीला. एका झुडपाचं एका वर्षी, दुसऱ्याचं दुसऱ्या वर्षी. हे मला माहीत नव्हतं. मी चौदा वर्षांचा असताना शिकायला बाहेर पडलो.

जेसीबीला नको म्हणून कळवलं. संस्थेलाही कळवलं, ते जरा नाराज झाले, पण नऊ रोपं देतो म्हणाले. लिंब तीन, हिवर दोन, आपटा दोन, पळस एक, बोर एक. सगळी विहिरीच्या बांधावर.

दोन शंका आहेत. मधल्या एका पट्ट्यात कधीतरी मुरूम उचललाय, तिथं काहीच नाही, ना गवत ना झुडूप. तिथं तरवड लावता येईल का? आणि बहिणीला मधुमेह आहे, तिला कुणीतरी या फुलांचा चहा घ्यायला सांगितलाय.

---

शाळेतल्या बाई

आधी बहिणीचं. हा चहा दक्षिणेत पुष्कळ पितात, आणि उंदरांवर त्याचे प्रयोगही झालेत. पण त्या भरवशावर गोळी बंद करायची नाही. चहा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून. साखर आधीच गोळीनं उतरत असते, दोन्ही मिळून जास्त उतरली तर चक्कर येते. हे तिला नीट समजावून सांगा.

मुरूम उचललेल्या पट्ट्याचं. तरवड लावायचा तर बियांनीच. यंदाचा मृग हातात आहे, झुडपांवर गेल्या साली वाळलेल्या शेंगा लटकत असतील तर बघा. चपट्या, तपकिरी, कागदासारख्या. दाबून बघा, आत चपट्या बिया लागतात. किडक्या फेका. बीचं कवच कठीण असतं, वाळूत घालून तळहातानं चोळा, मग उकळून थोड्या निवालेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. ज्या फुगतील त्या लावा, न फुगलेल्या पुन्हा चोळा. पिशवीत रोप करत बसू नका, जागेवरच दोन बोटं खोल टोचा. एका जागी तीन बिया.

पण त्याहून महत्त्वाचं गवत. शेजारच्या माळावरचं पवन्या-मारवेलाचं बी दिवाळीनंतर झडतं, ते हातानं झाडून गोळा करा आणि पुढच्या पावसाआधी त्या पट्ट्यात शेणकाल्यात मिसळून टाका. पट्ट्याच्या उताराला दगडांची एक ओळ लावा, वीतभर उंचीची पुरे. माती अडली तर बी अडतं. दोन पावसाळे तिथं जनावर जाऊ देऊ नका, बोरीच्या काट्या टाका. बाकीचा माळ मात्र चरू द्या, मेंढ्या आल्या तर बसू द्या.

आणि दादा कापायचे तसं कापत राहा. दरवर्षी थोडी झुडपं, विळ्यानं, तिरकी. जून झालेल्या तरवडाला फूल कमी येतं, फुटव्याला भरपूर येतं. कुठली झुडपं कधी कापली ते चुलत्यांना आठवत असेल तर विचारून लिहून ठेवा. शेंगा यंदा मिळाल्या नाहीत तर माघापर्यंत थांबा, शेंग हलवल्यावर आत खुळखुळली की तोडायची.